सत्ता आणि संमति

'लिबरल' व 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हे दोन शब्द आपल्या राजकीय चर्चेंत शंभरांहून अधिक वर्षें वावरत आहेत. पहिल्यास आपण उदारमतवादी, प्रागतिक, क्वचित् नेमस्त असें म्हणतों; दुसऱ्यास सनातनी, पुराणमतवादी किंवा स्थितिप्रिय. युरोपांतही हे शब्द फार जुने नाहींत. स्पेनांत १८१२ च्या सुमारास राजाची सत्ता घटनेनें बांधूं पाहणाऱ्या पक्षास पहिलें नांव पडलें, आणि फ्रान्समध्यें शातोब्रियांच्या १८१८ च्या नियतकालिकानें दुसरें नांव रूढ केलें. जो नवें मागतो तो एका पक्षाचा व जो जुनें धरून ठेवतो तो दुसऱ्या पक्षाचा, एवढ्या खुणेवर आपण माणसांची वांटणी करून मोकळे होतों. परंतु हे दोन्ही पक्ष मुळांत एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें आहेत, आणि तो प्रश्न सत्तेचा आहे. मनुष्यानें मनुष्यावर हुकमत चालवावी याला आधार कोणता? ती कोठवर चालावी? ती कोणाच्या हातीं असावी? या तीन प्रश्नांस जो जसें उत्तर देतो तसा त्याचा पक्ष ठरतो; नव्याजुन्याचा प्रश्न त्यामागून येतो.

हे प्रश्न केवळ ग्रंथांतून समजून घेण्यापेक्षां एखाद्या प्रत्यक्ष प्रसंगांत ते कसे उभे राहिले हें पाहिलें असतां त्यांचा उलगडा अधिक होतो. असा प्रसंग आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासांत घडून गेला आहे. इ. स. १८९१ चें संमतिवयाचें बिल व त्यावरून पुण्यामुंबईंत माजलेला वाद बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. पण टिळक आणि आगरकर यांच्या भांडणांतला एक अध्याय म्हणूनच तो बहुधा सांगितला जातो. राज्यशास्त्रांतील मूळ सिद्धान्तांची कसोटी लागलेला प्रसंग, या दृष्टीनें त्याकडे पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

आधीं त्या सिद्धान्तांची थोडक्यांत ओळख करून घेऊं. सत्तेचा उगम भीतींत आहे, असें हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें १६५१ सालच्या 'लेव्हायथन' ग्रंथांत प्रतिपादिलें. त्याच्या डोळ्यांसमोर इंग्लंडांतील यादवी होती. प्रत्येकानें आपलें स्वातंत्र्य एका सर्वसत्ताधीशाच्या हवालीं करावें, म्हणजे निदान जीव तरी वांचेल, हें त्याचें सार. आपल्या शांतिपर्वांतील मात्स्यन्यायाची कल्पना याहून फारशी दूर नाहीं. बळी तो कान पिळी अशी स्थिति झाली तेव्हां प्रजेनें मनूला राजा होण्यास विनविलें व त्याबद्दल त्यास आपल्या उत्पन्नाचा भाग देऊं केला, अशी कथा तेथें आहे. लॉकनें १६८९ सालीं या विचाराला निराळें वळण दिलें. राजाकडे दिलेली सत्ता ही दान नसून ठेव आहे. ती प्रजेच्या संमतीनें दिलेली आहे व ठेवीचा अपहार झाला तर प्रजेस ती परत घेतां येते, असें त्यानें सांगितलें. उदारमतवादाचें बीज या 'संमति' शब्दांत आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढें सर्व कथा या एका शब्दाभोंवतीं फिरणार आहे.

परंपरावादाचा आद्य आचार्य एडमंड बर्क. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्याचा ग्रंथ १७९० सालीं निघाला. समाज हा एका पिढीनें बसून केलेला करारनामा नव्हे. गेलेल्या, असलेल्या आणि येणाऱ्या पिढ्यांची ती भागीदारी आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें जें टिकलें त्यांत एकट्यादुकट्याच्या बुद्धीहून अधिक शहाणपण सांठलेलें असतें, असें त्याचें म्हणणें. सुधारणेला त्याचा विरोध नव्हता; जें राज्य आपल्यांत बदल करूं शकत नाहीं तें स्वतःचें रक्षणही करूं शकत नाहीं, हें त्यानेंच सांगितलें. त्याचा विरोध होता तो घर दुरुस्त करण्याच्या नांवाखालीं पाया उखडून टाकणाऱ्यांस. याच बर्कनें १७८८ पासून सात वर्षें वॉरन हेस्टिंग्जवरील खटला पार्लमेंटांत चालविला. हेस्टिंग्ज अखेर १७९५ त निर्दोष सुटला. पण हिंदुस्थानांतील लोकांचे जुने कायदे, धर्म व आचार यांचा मान राखणें हें राज्यकर्त्याचें कर्तव्य आहे, आणि परक्यांवरील सत्ता हीदेखील एक ठेवच आहे, हा सिद्धान्त त्या खटल्यानें इंग्रजांच्या कानांवर घातला. परंपरावादाची उजळ बाजू हीच. सत्ताधाऱ्याच्या लहरीला परंपरा हा एक बांध आहे, हें त्यानें ओळखलें.

उदारमतवादाचा पूर्ण विकास जॉन स्टुअर्ट मिल्ल याच्या ग्रंथांत झाला. त्याचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ त व स्त्रियांच्या दास्यावरील १८६९ त प्रसिद्ध झाला. व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध सत्ता चालविण्याचें एकच समर्थनीय कारण असूं शकतें, तें म्हणजे दुसऱ्यास होणारी इजा टाळणें, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. त्यानें आणखी एक गोष्ट दाखवून दिली. जुलूम केवळ राजाच करतो असें नाहीं. रूढि, लोकापवाद आणि बहुमत यांचा जुलूम पुष्कळ वेळां राजाच्या जुलमाहून अधिक खोल जातो, कारण तो घरांत शिरतो व मनाला बेड्या घालतो. मिल्ल हा १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरींत नोकरीस होता, आणि त्याच्या निबंधांत एक अपवाद आहे. स्वातंत्र्याचें हें तत्त्व अज्ञान मुलांस लागू नाहीं, तसेंच ज्या समाजांची अजून बाल्यावस्था आहे त्यांसही लागू नाहीं. तेथें सुधारणेच्या हेतूनें एकतंत्री कारभारही योग्य ठरतो, असें त्यानें लिहून ठेविलें. म्हणजे ज्या ग्रंथाच्या पारायणानें आपले तरुण स्वातंत्र्यवादी झाले, त्याच ग्रंथांत त्यांच्या देशाला दार बंद होतें.

हें दार किती बंद होतें तें मिल्लच्या एका टीकाकारानें स्पष्ट सांगितलें. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा १८६९ ते १८७२ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळांत कायदेमंत्री होता. परत गेल्यावर १८७३ त त्यानें मिल्लच्या खंडनार्थ एक ग्रंथ लिहिला. सर्व कायद्याच्या मुळाशीं अखेर दंडशक्तीच असते, मतदान म्हणजे डोकीं फोडण्याऐवजीं डोकीं मोजणें, असा त्याचा रोख. पुढें इल्बर्ट बिलाच्या वेळीं, १८८३ सालीं, हिंदुस्थानांतील इंग्रजी राज्य प्रजेच्या संमतीवर नव्हे तर जिंकण्यावर उभें आहे, असें त्यानें उघड लिहिलें. हें ऐकून येथील सुशिक्षितांस राग आला. पण आपली खरी अवस्था एका सत्ताधाऱ्याच्या तोंडून त्यांस कळली, हाही एक लाभच म्हणावयाचा.

आतां पुण्याकडे वळूं. न्यायमूर्ति रानडे हे या मंडळींतले वडील. सार्वजनिक सभेच्या द्वारें त्यांनीं एका पिढीस राजकारणाचे पाठ दिले होते. टिळक आणि आगरकर हे त्यांहून धाकट्या पिढीचे. डेक्कन कॉलेजांत असतांनाच देशसेवेच्या आणाभाका घेतलेले हे दोघे मित्र १८८० च्या न्यू इंग्लिश स्कुलांत, १८८१ च्या 'केसरी-मराठ्यांत' आणि १८८२ त डोंगरीच्या तुरुंगांतही एकत्र होते. मिल्ल व स्पेन्सर हे दोघांच्याही वाचनांतले. आगरकर १८८७ पर्यंत 'केसरी'चे संपादक होते. मतभेद विकोपास गेला तेव्हां ते बाहेर पडले व १८८८ त त्यांनीं 'सुधारक' काढला. आधीं राजकीय सुधारणा कीं आधीं सामाजिक, असा त्या मतभेदाचा सारांश सांगण्याची चाल आहे. आमच्या मतें त्याच्या तळाशीं सत्तेचाच प्रश्न होता: आपल्या माणसावर अधिक जुलूम कोण करतो, परका राजा कीं आपली रूढि?

या प्रश्नाला तोंड फुटलें तें १८८४ सालीं. बेहरामजी मलबारी या पारशी संपादकानें बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर दोन टिपणें काढून सरकारकडे व देशांतील प्रमुख लोकांकडे पाठविलीं. त्यावर मतांचा पाऊस पडला. न्यायमूर्ति तेलंगांनीं १८८६ च्या मुंबईंतील व्याख्यानांत असा सल्ला दिला कीं, जेथें विरोध कमी त्या वाटेनें आधीं जावें. राजकारणांत आपण युक्तिवादानें सरकाराशीं लढूं शकतों, पण घरांत ज्यांच्याशीं लढावयाचें तीं आपलींच माणसें आहेत. हा सल्ला शहाणपणाचा होता खरा. पण ज्या मुलींच्या कपाळीं ती घरगुती रूढि होती त्यांनीं किती काळ वाट पाहावी, याचें उत्तर त्यांत नव्हतें.

त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकरा वर्षांच्या वयांत लग्न झालेली ही मुलगी आईजवळ व सावत्र बापाजवळ वाढली, शिकली, आणि वयांत आल्यावर नवऱ्याच्या घरीं जाण्यास तिनें नकार दिला. दादाजी भिकाजी यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. सप्टेंबर १८८५ त न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो काढून टाकला. अशा प्रकारचा दावा हिंदु धर्मशास्त्रांत नाहीं. तो इंग्लंडांतील धर्मकोर्टांतून इकडे आणलेला आहे, असें त्यांनीं दाखविलें. अपिलांत प्रकरण परत फिरलें व मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, रखमाबाईंनीं महिन्याच्या आंत सासरीं जावें, नाहीं तर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर जुलै १८८८ त दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व परत येऊन त्यांनीं सुरतेस पुष्कळ वर्षें काम केलें.

या खटल्यांतील एक विशेष फार महत्त्वाचा आहे. नवऱ्याच्या घरीं जाण्याचा हुकूम मोडणाऱ्यास कैद करण्याची तरतूद इंग्लंडानें १८८४ सालींच रद्द केली होती. जी शिक्षा इंग्रजांनीं आपल्या स्त्रियांवरून उठविली ती मुंबईंत एका हिंदु स्त्रीस तीन वर्षांनंतर ठोठावण्यांत आली, आणि 'केसरी'सारखीं पत्रें तो हुकूम म्हणजे हिंदु धर्माचा विजय असें मानीत होतीं! यावरून परंपरावादांतील एक दोष उघडा पडतो. ज्याला आपण सनातन म्हणून कवटाळतों तें पुष्कळदां कालपरवां एखाद्या परक्या कोर्टानें दिलेलें हत्यार असतें. तसेंच यावरून दुसरें एक सत्य कळतें. १८५८ च्या जाहीरनाम्यांत राणीनें धर्माच्या बाबतींत हात न घालण्याचें वचन दिलें होतें, आणि त्या वचनाचा आधार सनातनी पक्ष नेहमीं घेई. पण ज्या दिवशीं सरकारी कोर्ट रूढीची अंमलबजावणी पोलिसाच्या हातून करवितें, त्या दिवशीं सरकारनें हात घातलेलाच असतो. सत्ता स्वस्थ बसली आहे असें जेथें दिसतें, तेथें ती पुष्कळदां बळकटाच्या बाजूनें उभी असते.

आतां मुख्य प्रसंग. १८६० च्या पिनल कोडानें दहा वर्षांखालील मुलीशीं, मग ती विवाहित असली तरी, संग करणें हा गुन्हा ठरविला होता. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि दासी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्या प्रौढ नवऱ्याच्या, हरि माइतीच्या, संगानें मरण पावली. मुलीला दहा पुरीं झालेलीं असल्यामुळें बलात्काराचें कलम त्यास लागूं शकलें नाहीं. हलक्या गुन्ह्याखालीं एक वर्षाची कैद होऊन प्रकरण संपलें. देशांत काम करणाऱ्या ५५ स्त्री-डॉक्टरांनीं सरकाराकडे अर्ज करून असल्या इजा पोंचलेल्या मुलींचीं उदाहरणें त्यास जोडलीं. मलबारींनीं विलायतेस जाऊन तेथें लोकमत जागें केलें. ९ जानेवारी १८९१ रोजीं सर अँड्र्यू स्कोबल यांनीं वयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारें बिल कौन्सिलांत मांडलें व १९ मार्च रोजीं तें पास झालें. विलायतेंत त्या वेळीं प्रधानमंत्री लॉर्ड सॉल्सबरी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पुढारी होते. 'उदार' म्हणविणारा कायदा परंपरावाद्यांच्या अमदानींत झाला, हा योगायोगही पक्षनामांवर फार भिस्त ठेवूं नये असें सांगतो.

टिळकांनीं या बिलास कसून विरोध केला. त्यांच्या विरोधाचे दोन भाग पाडले पाहिजेत. पहिला भाग धर्मशास्त्राचा. गर्भाधानाचा संस्कार पहिल्या ऋतूच्या वेळीं व्हावा असें शास्त्र आहे, आणि मुलगी बाराच्या आंत वयांत आली तर हा कायदा त्या संस्काराच्या आड येतो, असें ते म्हणत. डॉ. भांडारकरांनीं १८९१ सालीं एक टिपण प्रसिद्ध करून, तो संस्कार पुढें ढकलल्यानें शास्त्राचा भंग होत नाहीं, हें वचनांच्या आधारें दाखविलें, आणि उभयतांमध्यें मोठें शास्त्रयुद्ध झालें. दुसरा भाग राजकीय, व आमच्या मतें अधिक भक्कम होता. ज्या कौन्सिलांत लोकांनीं निवडून दिलेला एकही सभासद नाहीं, त्या कौन्सिलानें लोकांच्या घरांतील आचाराविषयीं कायदा करावा, हा अधिकार त्यास कोणी दिला? सुधारणा हवी तर ती समाजानें स्वतःवर स्वतः लादून घ्यावी. ही केवळ पळवाट नव्हती, याला पुरावा आहे. १८९० सालीं टिळकांनीं सुधारकांपुढें कलमें मांडलीं होतीं: मुलीचें लग्न सोळाच्या आंत व मुलाचें विसाच्या आंत करूं नये, चाळिशीनंतर पुरुषानें लग्न करूं नये, केल्यास विधवेशींच करावें, हुंडा बंद व्हावा, विधवांचें केशवपन होऊं नये, आणि ज्यांनीं यांवर सही केली त्यांच्यापुरता या नियमांना कायद्याचा जोर द्यावा. बिलांतील बारा वर्षांपेक्षां सोळा वर्षें ही फार पुढची मजल होती. संमतीवांचून सत्ता नाहीं हें लॉकचें सूत्र, आणि परक्यानें आमच्या आचारांत हात घालूं नये हें बर्कचें सूत्र, या दोहोंची येथें सांगड पडलेली दिसते.

आगरकरांचें उत्तर मिल्लच्या पद्धतीचें होतें. स्वातंत्र्याला मर्यादा दुसऱ्याच्या इजेची. दहा वर्षांच्या मुलीला होणारी इजा ही नवऱ्याच्या खासगी आचाराची बाब होऊंच शकत नाहीं. चोरी किंवा खून जसा धर्माच्या नांवानें क्षम्य होत नाहीं तसेंच हेंही. आपला गुरु स्पेन्सर सरकारी हस्तक्षेपाचा कट्टा विरोधक असतांही आगरकर या ठिकाणीं त्याच्या मागें गेले नाहींत, यांत त्यांच्या बुद्धीचें स्वातंत्र्य दिसतें. सरकार परकें आहे हें त्यांस मान्य होतें. पण बुडणाऱ्यास हात देणारा परका आहे म्हणून तो हात झिडकारण्याचा हक्क कांठावर उभ्या असलेल्यांस कसा पोंचतो, असा त्यांच्या सर्व लेखनाचा आशय आहे. याबद्दल त्यांस काय सोसावें लागलें तें प्रसिद्धच आहे. जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत पुणेकरांची मजल गेली. रूढीची सत्ता किती कठोर असते याविषयींचा मिल्लचा सिद्धान्त ज्यांस पुस्तकांत पटला नसेल त्यांस तो रस्त्यांत पटावा, असाच हा प्रकार होता.

या दोघांच्या मधली वाट रानड्यांची. सुधारणेच्या चार पद्धति ते सांगत: शास्त्राचा आधार शोधून नवें जुन्यांत बसविणें, माणसाच्या सदसद्विवेकास आवाहन करणें, कायद्याच्या दंडाचा आश्रय करणें, आणि जुन्याशीं नातें तोडून बंड करणें. चौथीनें भूतकाळाशीं धागा तुटतो म्हणून ती त्यांस पसंत नव्हती. बर्कचा संस्कार येथें दिसतो. पण कायद्यास ते भीत नव्हते. आपल्याकडे राजसत्ता व पंचायती असल्या बाबतींत नेहमींच नियम करीत आल्या. पेशव्यांच्या दप्तरांत कन्याविक्रयास मनाई करणारे हुकूम सांपडतात. मागणी आपली असेल तर परकें सरकार हें केवळ आपल्या इच्छेचें साधन होतें, असा त्यांचा युक्तिवाद. 'आपली' म्हणजे कोणाची, हा टिळकांचा प्रतिप्रश्न. आणि तो गैर नव्हता, कारण मूठभर सुशिक्षितांची मागणी म्हणजे समाजाची मागणी असें कोणी ठरवावें?

येथें वादाचें खरें स्वरूप स्पष्ट होतें. राजकारणांत लोकांच्या संमतीचा आग्रह धरणारे टिळक समाजकारणांत परंपरेचे कैवारी ठरले. व्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते आगरकर संमतीविना बसलेल्या सत्तेकडे कायदा मागते झाले. कोणास उदारमतवादी म्हणावें व कोणास परंपरावादी? सत्ता एकाच ठिकाणीं नांदत असती तर उत्तर सोपें होतें. पण त्या वेळीं हिंदी माणसावर दोन सत्ता चालत होत्या. एक कलकत्त्याहून व लंडनहून येई. दुसरी जातींतून, कुळांतून आणि माजघरांतून. पहिलीला आळा घालणारा दुसरीला बळ देई, व दुसरीला आळा घालणारा पहिलीला. युरोपांतील सिद्धान्तांत हा पेंच जसाच्या तसा नव्हता, म्हणून तेथील नांवें येथें नीट बसत नाहींत.

या दुसऱ्या सत्तेचें सर्वांत निर्भीड वर्णन पुण्यांतील या मंडळींच्या बाहेर झालें होतें. जोतीराव फुले यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'नें सत्तेचा ठाव राजवाड्यांत न शोधतां जातींत व पोथींत शोधला. ताराबाई शिंदे यांनीं १८८२ च्या 'स्त्रीपुरुषतुलनें'त तोच प्रश्न घरांतल्या पुरुषास विचारला: नियम करणारे तुम्ही, मोडणारे तुम्ही, आणि शिक्षा मात्र आमच्या वांट्यास कां? खुद्द रखमाबाईंनीं १८८५ सालीं 'एक हिंदु स्त्री' या टोपणनांवानें मुंबईच्या इंग्रजी पत्रांत बालविवाहाचीं दुःखें मांडलीं होतीं. हीं माणसें लॉकची किंवा बर्कची वचनें देत नव्हतीं; पण सत्ता कोणाच्या हातीं आहे व तिचा भार कोणावर पडतो, हा राज्यशास्त्राचा मूळ प्रश्न त्यांनीं नेमका पकडला.

'संमति' या शब्दाकडे आतां पुन्हा पाहावें. टिळक जिच्याविषयीं बोलत होते ती प्रजेची संमति. कायद्याच्या नांवांत जी होती ती मुलीची संमति. पहिलीविषयीं रकानेच्या रकाने भरले. दुसरी म्हणजे केवळ वयाचा एक आंकडा झाला. दहा कीं बारा, एवढाच तिचा विचार. धर्मशास्त्री तिच्या ऋतूविषयीं बोलले, डॉक्टर तिच्या देहाविषयीं, वकील कलमांविषयीं. पण विवाहाला किंवा संगाला तिची स्वतःची इच्छा असावी लागते, हा विचार थोड्यांच्याच मनास शिवला. ज्यांनीं परक्या सरकारास विचारलें कीं आमच्या संमतीवांचून आमच्यावर राज्य करणारे तुम्ही कोण, त्यांतल्या फार थोड्यांस असें वाटलें कीं हाच प्रश्न आपल्या घरांतील कोणी आपणांस विचारूं शकेल. सत्तेच्या सिद्धान्ताचा हा सर्वांत कठीण भाग आहे. वरच्या सत्तेस जाब विचारणें मनुष्यास लवकर सुचतें. आपल्या हातांतील सत्तेस सत्ता म्हणून ओळखणें त्यास जड जातें.

कायदा तर झाला. पण त्याचा अंमल फारच थोडा झाला. लोकक्षोभ पाहून सरकारनेंच हात आखडता घेतला. पुण्यांत मात्र दोन पक्षांमधील दरी रुंदावली. सुधारकांची एक सभा दंगल होऊन उधळली गेली होती. १८९५ च्या जूनमध्यें आगरकर वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास राष्ट्रीय सभा भरली तेव्हां सामाजिक परिषदेस तिच्या मांडवांत जागा मिळूं शकली नाहीं, व रानड्यांनीं ती दुसरीकडे भरविली. राजसत्तेविरुद्धची चळवळ व रूढीविरुद्धची चळवळ यांच्या वाटा त्या दिवसापासून बराच काळ वेगळ्या राहिल्या, आणि त्यानें दोहोंचेंही बळ कमी झालें असें आम्हांस वाटतें.

या प्रश्नाचा पुढला टप्पा पाहिल्याविना निर्णय करणें योग्य होणार नाहीं. १९२५ सालीं विवाहित मुलींच्या बाबतींत मर्यादा तेरा झाली. जानेवारी १९२७ मध्यें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, आणि स्त्रियांच्या या संस्थेनें बालविवाहबंदीची मागणी स्वतः उचलून धरली. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कमिटीनें देशभर साक्षी घेतल्या, त्यांत स्त्रियांच्याही होत्या. १९२९ सालीं हरविलास सारडा या हिंदी सभासदानें मांडलेलें बिल, ज्या कायदेमंडळांत निवडून आलेल्यांचें बहुमत होतें, त्यानें पास केलें. मुलीस चौदा व मुलास अठरा ही विवाहाचीच मर्यादा ठरली. १८९१ तील टिळकांचा आक्षेप, कीं लोकांच्या प्रतिनिधींवांचून हा अधिकार कोणास नाहीं, पुष्कळ अंशीं येथें दूर झाला, आणि आगरकरांची मागणीही पुरी झाली. मताधिकार अजून थोड्यांनाच होता हें खरें. तरी प्रजेची संमति आणि स्त्रीची संमति या दोन गोष्टी येथें प्रथम जवळ आल्या.

तरीही कायदा १ एप्रिल १९३० रोजीं अंमलांत येणार असें कळतांच त्यापूर्वींच्या महिन्यांत बालविवाहांची देशभर घाई उडाली, आणि नंतरही कित्येक वर्षें तो मोडला जात राहिला. रूढीच्या मुळ्या समाजाच्या मनांत असतात व ती जमीन नांगरल्यावांचून कायद्याचें बीं रुजत नाहीं, हें तेलंगांचें व टिळकांचें म्हणणें इतपत खरें ठरलें. उलट कायदा नसता तर जमीन नांगरणाऱ्यांच्या हातीं कांहींच अवजार राहिलें नसतें, हें आगरकरांचें म्हणणेंही तितकेंच खरें ठरलें. स्वतंत्र भारतांत ही मर्यादा १९४९ त पंधरा व १९७८ त अठरा झाली. पण पिनल कोडांत विवाहित मुलीपुरता ठेवलेला पंधराचा अपवाद तसाच राहिला होता. सुप्रीम कोर्टानें तो २०१७ च्या ऑक्टोबरांत अठरापर्यंत नेला. फुलमणीच्या मृत्यूपासून त्यास १२७ वर्षें लागलीं.

या इतिहासांतून दोन्ही सिद्धान्तांविषयीं कांहीं बोध निघतो तो असा. परंपरावादानें सत्ताधाऱ्याच्या अहंकाराला लगाम घातला, पण परंपरा हीही कोणाच्या तरी हातांतील सत्ता आहे हें तो वारंवार विसरला. उदारमतवादानें व्यक्तीस तिचा हक्क दिला, पण तो हक्क कोणाच्या हातून मिळतो याकडे त्यानें पुरेसें पाहिलें नाहीं, आणि म्हणून लोकांस तो परका वाटत राहिला. आज हीं नांवें अनेक पक्ष धारण करतात व सोयीप्रमाणें बदलतात. एखादा पुढारी स्वातंत्र्याचा किंवा परंपरेचा कैवार घेऊन उभा राहिला म्हणजे, तो जी सत्ता मागतो किंवा राखतो ती कोणावर चालणार आहे, व ज्याच्यावर चालणार त्याला बोलण्याची जागा कोठें ठेवली आहे, एवढें विचारून पाहावें. १८९१ च्या वादांत हें विचारणारे थोडे होते. आणि ज्या मुलींबद्दल तो वाद होता त्यांतली एकही त्या सभांत बोलावयास उभी राहिली नव्हती.